मुरगाव, 1943: एक रात्र आणि आठ दिवस

गोव्यातलं मुरगाव बंदर आणि दुसरं महायुद्ध असा विषय निघाला की बोलणं एका रात्रीवर येऊन अडतं. 8 मार्च 1943 ची रात्र, इंत्रुजाची म्हणजे गोव्यातल्या कार्निव्हलची धामधूम, कलकत्त्याहून आलेले इंग्रज आणि जळणाऱ्या जर्मन बोटी. गोष्ट रंगतदार आहे, तिच्यावर इंग्रजी चित्रपटही निघाला. पण त्याच वर्षी ऑक्टोबरात याच धक्क्यावर जे घडलं ते माणसांच्या हिशेबानं कितीतरी मोठं होतं. हाँगकाँग, शांघाय, मनिला अशा जपानी ताब्यातल्या शहरांमधून सुटलेले सुमारे 1,500 लोक इथं उतरले आणि दुसऱ्या बोटीत चढले. मार्चची रात्र बंदराचं तटस्थपण मोडून झाली, ऑक्टोबरचे दिवस त्याच तटस्थपणाच्या जोरावर निभावले. म्हणून आधी हे तटस्थपण कागदावर आणि पाण्यावर कसं चालायचं ते पाहू.

गोवा तेव्हा पोर्तुगालच्या ताब्यात होता, आणि पोर्तुगालनं 1 सप्टेंबर 1939 लाच तटस्थता जाहीर केली. अशा देशाच्या बंदरात कोणी काय करायचं याचे नियम 1907 च्या हेग करारात आहेत. लढाऊ जहाजाला साधारणपणे 24 तासांची मुभा. त्यात त्यानं आपल्या देशाच्या जवळच्या बंदरापर्यंत पुरेल एवढंच इंधन घ्यायचं, आणि एकदा घेतलं की त्याच देशाच्या जहाजाला त्या तटस्थ देशाकडून तीन महिने पुन्हा मिळायचं नाही. व्यापारी जहाजाला मात्र 24 तासांचं बंधन नाही. ते महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं नांगर टाकून बसू शकतं. अट एकच: बंदराचा लष्करी तळासारखा वापर करायचा नाही, आणि बिनतारी यंत्रावरून युद्धाच्या बातम्या पाठवणं त्यातच मोडतं. तेव्हा किनाऱ्यापासूनची हद्द तीन मैलांची होती. त्या रेषेच्या आत जर्मन बोट सुरक्षित, बाहेर पडली की ब्रिटिश आरमाराच्या तोंडी.

ऑगस्ट 1939 च्या अखेरीस जर्मन व्यापारी बोटींना जवळच्या तटस्थ बंदरात शिरण्याचे संदेश गेले तेव्हा पश्चिम किनाऱ्यावर पावसाळा होता. मांडवीच्या तोंडाशी आग्वादचा रेतीचा बांध पावसात बोटींचा रस्ता अडवतो, त्यामुळे पणजीचा प्रश्नच नव्हता. मुरगावला रेल्वे कंपनीनं 1880 च्या दशकात लाटा अडवणारा बांध आणि धक्के बांधले होते. झुवारीच्या दक्षिण तीरावरच्या टेकाडाची आड आणि हा बांध यांमुळे मोठी बोट तिथं बारमाही उभी राहू शकत होती. मुंबईपासून मलबारपर्यंत बाकीची बंदरं बहुतेक इंग्रजांची. तेव्हा ब्रेमेनच्या हान्सा कंपनीच्या तीन बोटी इथं येऊन थांबल्या: एरेनफेल्स, ड्राखेनफेल्स आणि ब्राउनफेल्स. 10 जून 1940 ला इटली युद्धात उतरल्यावर आन्फोरा ही इटालियन बोटही अडकली.

आकड्यांबद्दल एक खुलासा. एरेनफेल्स 7,752 टनांची, ब्राउनफेल्स 7,844 ची असं जिथंतिथं छापलेलं असतं. हे टन वजनाचे नाहीत, बोटीच्या आतल्या जागेचे आहेत. एक नोंदणी टन म्हणजे 100 घनफूट. ही गल्लत झाली की बोट बुडायला किती वेळ लागला, ओढून नेणं शक्य होतं का, हे सगळे अंदाज चुकतात.

चौघींत इंग्रजांचा डोळा एरेनफेल्सवर होता आणि त्याला कारण होतं. तिची बहीण गोल्डेनफेल्स हिला जर्मन आरमारानं तोफा लपवून आटलांटिस नावाची छुपी लढाऊ बोट बनवलं होतं. तिनं 22 जहाजं बुडवली किंवा पकडली. 11 नोव्हेंबर 1940 ला सुमात्राजवळ तिनं ऑटोमेडॉन ही ब्रिटिश बोट धरली आणि त्यात अतिपूर्वेतल्या ब्रिटिश संरक्षणाच्या दुबळेपणाचे गुप्त कागद सापडले. ते जपानच्या हाती पोचले. पंधरा महिन्यांनी सिंगापूर पडलं. एवढ्या कागदांनी सिंगापूर पाडलं असं कोणी म्हणू नये, पण त्या घडणीच्या बोटीची धास्ती का वाटावी ते यावरून कळतं. कांडेलफेल्स ही दुसरी बहीणसुद्धा पिंग्विन नावानं अशीच हिंडत होती. 1941 च्या मे महिन्यात ब्रिटिश क्रूझरनं तिला बुडवलं.

धास्ती खरी, पण मुरगावात साडेतीन वर्षं बसलेली बोट उठून पळू शकली असती का? एरेनफेल्स डिझेलवर चालणारी. मोठं सागरी डिझेल इंजिन चावी फिरवून सुरू होत नाही. त्याला दाबाखाली साठवलेली हवा लागते, हवेसाठी कॉम्प्रेसर, कॉम्प्रेसरसाठी जनरेटर आणि जनरेटरसाठी इंधन. गोव्यात येणारं तेल, कोळसा, तांदूळ असं सगळं एक तर समुद्रातून यायचं, नाही तर सीमेवरच्या कॅसलरॉक स्थानकावरून रेल्वेनं. दोन्ही वाटांच्या पलीकडच्या टोकाला इंग्रज. त्यातून कोमट पाण्यात उभ्या बोटीच्या तळावर शंख-शिंपल्यांचे थर चढतात. पावसात झुवारीचं गोडं पाणी आलं की त्यातले काही मरतात, पण टरफलं तशीच चिकटून राहतात. असा तळ घेऊन निघालेली बोट आपला मूळचा वेग गाठू शकत नाही, आणि वेग नसलेली छुपी बोट दोन दिवसांत सापडते. त्यामुळे एरेनफेल्स निसटून आटलांटिसचा कित्ता गिरवणार ही भीती 1943 पर्यंत बरीच कागदी झाली होती असं माझं मत आहे.

मग हल्ला कशासाठी? एरेनफेल्सवरच्या बिनतारी यंत्रातून पाणबुड्यांना ब्रिटिश बोटींच्या खबरा जातात, असा ब्रिटिश गुप्त संघटनेचा संशय होता. पोर्तुगीज हद्दीत सरळ फौज घालणं परवडणारं नव्हतं, कारण तिमोरचा अनुभव ताजा होता. 17 डिसेंबर 1941 ला ऑस्ट्रेलियन आणि डच सैन्य तिमोर बेटाच्या पोर्तुगीज भागात, दिली शहरी उतरलं, पोर्तुगालनं निषेध केला, आणि दोन महिन्यांनी जपान्यांनी दिलीवरच चढाई केली. त्या बेटावर पुढं मेलेल्यांचे अंदाज 40,000 पासून 70,000 पर्यंत जातात. गोव्यात असं काही झालं असतं तर लिस्बनशी चाललेली बोलणीही फिसकटली असती.

म्हणून माणसं निवडली ती नंतर नाकारता येतील अशी. कलकत्ता लाइट हॉर्स ही नोकरी-धंदा सांभाळून कवायत करणाऱ्या गोऱ्यांची राखीव पलटण होती. तिच्यातले 14 आणि कलकत्ता स्कॉटिशमधले 4 असे 18 जण. पेढ्यांवरचे अधिकारी, व्यापारी, बरेचसे मध्यमवयीन. वाहन म्हणून फीबी नावाची गाळ वाहणारी हॉपर बोट. बंदरातला गाळ भरून बाहेर नेऊन तळाच्या झडपा उघडून टाकायचा, एवढ्यासाठी बांधलेली. वेग अगदी कमी, समुद्रात डुलणारी, पण किनाऱ्यावर कुठंही दिसली तरी कोणी वळून पाहणार नाही अशी. ती कलकत्त्याहून लंकेला वळसा घालून कोचीला आली, बाकीचे रेल्वेनं कोचीला पोचले आणि तिथून सगळे उत्तरेला निघाले.

रात्र मात्र नेमकी धरली होती. 1943 साली इस्टर 25 एप्रिलला होता, म्हणजे पंचांगात येऊ शकतो तितका उशिरा. त्यामुळे राखेचा बुधवार, म्हणजे ख्रिस्ती उपासकाळाचा पहिला दिवस, 10 मार्चला आला आणि 8 व 9 हे इंत्रुजाचे शेवटचे दोन दिवस ठरले. त्यात फाल्गुनाचा शुक्लपक्ष नुकता लागलेला, कोर संध्याकाळीच मावळून गेलेली. म्हणजे अंधारही आणि गावात गोंगाटही. बोटींवरच्या खलाशांना किनाऱ्यावर ओढण्यासाठी मेजवान्या आणि फुकटच्या कुंटणखान्याची सोय पैसे चारून केली होती, असं सांगतात. गोष्टीचा हा भाग दरवेळी थोडा जास्त रंगतो, तेव्हा त्याला थोडं अंतर ठेवूनच घ्यावं. इंत्रुज ही सोय मात्र कोणाला विकत घ्यावी लागली नाही.

इंग्रजांनी एरेनफेल्सच्या अंगाला फीबी लावली, वर चढले आणि तिचा जर्मन कप्तान रोफर मारला गेला. एकंदर पाच जर्मन मेले. हल्लेखोरांतलं कोणी दगावलं नाही. जमलं तर बोट बाहेर काढायची होती, पण ते होणं नव्हतंच. इंजिन थंड, सुकाणू यंत्राशिवाय हलत नाही, नांगराच्या जाड साखळ्या स्फोटकांनीच तोडाव्या लागतात. तेवढं करूनही हजारो टनांचं मढं एका गाळाच्या बोटीनं ओढायचं. तासाला दोन-तीन मैलांच्या गतीनं ती हद्द ओलांडायलाच बराच वेळ गेला असता. आणि एवढा वेळ जर्मनांनी दिलाच नाही. त्यांनी तळाचे व्हॉल्व्ह उघडले.

बोट स्वतःच बुडवणं म्हणजे काय, तर इंजिन थंड करायला समुद्राचं पाणी ज्या नळांतून आत घेतात त्यांचे व्हॉल्व्ह उघडायचे, वरची झाकणं काढून फेकायची आणि कप्प्याकप्प्यांमधली पाणबंद दारं सताड ठेवायची. पाण्याखाली 5 मीटरवर 30 सेंटिमीटर व्यासाचं एक तोंड उघडलं तर तासाला साधारण दीड हजार टन पाणी आत येतं. दोन-तीन तोंडं उघडली आणि इंजिनघर भरलं की आत जाऊन ती बंद करणं पाणबुड्या माणसालाच शक्य. दारं बंद राहिली तर एक कप्पा भरून बोट तिरकी होऊन तरंगत राहते. ही नेहमीची चूक, आणि साडेतीन वर्षं सवड मिळालेल्या खलाशांनी ती केली नाही. पण बंदरात दुसरी अडचण असते: पाणी उथळ. बोट तळाला टेकते आणि वरचे मजले पाण्याबाहेर कोरडे राहतात, म्हणजे पुढं उपसून काढता येते. यासाठी वर आगही लावायची. आगीत पोलादी पत्रे वाकतात, तारा आणि यंत्रं निकामी होतात, मग उपसण्याचा खर्च बोटीच्या किमतीच्या वर जातो.

एरेनफेल्स पेटलेली पाहून बाकी तिघींवरच्या लोकांना वाटलं की आता पाळी आपली. ड्राखेनफेल्स, ब्राउनफेल्स आणि आन्फोरा त्यांच्याच खलाशांनी पेटवून बुडवल्या. इंग्रजांना त्यांना हात लावावाच लागला नाही. फीबी मुंबईच्या दिशेनं निघून गेली. पकडलेल्या खलाशांना पोर्तुगीजांनी आग्वादच्या किल्ल्यात ठेवलं. जगाला सांगितलं गेलं ते असं की कंटाळलेल्या खलाशांनी आपल्याच बोटी जाळल्या. चारांपैकी तीन बोटींपुरतं ते शब्दशः खरंच होतं, त्यामुळे थाप चांगली टिकली. कलकत्त्याच्या त्या लोकांना ना पदक मिळालं ना जाहीर उल्लेख, आणि तीस वर्षांहून जास्त काळ प्रकरण दडलेलं राहिलं.

आता तो प्रसिद्ध दावा: या एका रात्रीनं हिंदी महासागरातल्या पाणबुड्या आंधळ्या झाल्या आणि बोटी बुडणं थांबलं. मला हा पटत नाही. त्या फेब्रुवारी-मार्चमध्ये जर्मन पाणबुड्यांची जी टोळी या बाजूला होती ती दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर शिकार करत होती. मार्चच्या सुरुवातीला यू-160 नं दरबानजवळ एका ताफ्यातल्या अनेक बोटींवर टॉर्पेडो सोडले. दरबान ते मुरगाव हे अंतर साडेसहा हजार किलोमीटरहून जास्त आहे. झुवारीत अडकलेल्या बोटीला तिथल्या ताफ्याची वेळ कुठून कळणार? पाणबुडी इतक्या लांब येते ती मोजकं इंधन आणि मोजके टॉर्पेडो घेऊन. ते संपले की परत फिरावंच लागतं, आणि त्या टोळीचं तेच झालं. मार्चअखेर आकडा खाली आला याला एवढं कारण पुरतं. मुंबईच्या आसपासची काही खबर मुरगावातून जात असेलही, पण सगळं श्रेय फीबीला देणं म्हणजे दोन तारखा शेजारी मांडून त्यांचं लग्न लावणं.

आता ऑक्टोबर. यात धाडस नाही, नुसती व्यवस्था आहे, म्हणूनच ती दुर्लक्षित राहिली असावी.

8 डिसेंबर 1941 नंतर जपाननं आशियातली एकेक बंदरशहरं घेतली: शांघायची परकीय वसाहत पहिल्याच दिवशी, हाँगकाँग 25 डिसेंबरला, मनिला 2 जानेवारीला, सिंगापूर 15 फेब्रुवारीला. तिथले अमेरिकन, कॅनेडियन, ब्रिटिश, डच नागरिक छावण्यांत कोंडले गेले. तिकडे अमेरिकेनंही जपानी लोकांना काटेरी तारांमागे घातलं होतं. दोन शत्रू एकमेकांशी बोलू शकत नाहीत, म्हणून मध्ये तटस्थ देश लागतात. अमेरिकेची बाजू टोकियोत स्वित्झर्लंड बघत होतं, जपानची वॉशिंग्टनमध्ये स्पेन. यादीतल्या एकेका नावावर महिनोन्‌महिने घासाघीस चालायची. पहिली अदलाबदल 1942 साली मोझांबिकच्या लौरेन्सो मार्किश बंदरात झाली. दुसरी मुरगावला. दोन्ही बंदरं पोर्तुगीज.

जपानकडून तेइया मारू आली. ही मुळात आरामीस नावाची फ्रेंच प्रवासी बोट, जपाननं बळकावलेली. ती योकोहामाहून निघून शांघाय, हाँगकाँग, फिलिपिन्स, सायगाव, सिंगापूर अशी माणसं गोळा करत 15 ऑक्टोबर 1943 ला मुरगावला लागली. जागा होती त्याच्या दुप्पट लोक भरलेले. बरेच जण डेकवरच झोपत. हाँगकाँगच्या स्टॅन्ली छावणीतले कॅनेडियन यात होते. लेखिका एमिली हान आपल्या लहान मुलीसह होती. चीनमध्ये नाव गाजवलेला मॉरिस कोहेनही होता. समोरून ग्रिप्सहोल्म ही स्वीडिश बोट न्यूयॉर्कहून सप्टेंबरच्या सुरुवातीला निघून 16 तारखेला आली. तिच्या अंगावर मोठ्या अक्षरांत 'डिप्लोमॅट' रंगवलेलं, आणि रात्रीही सगळे दिवे लावून ती चालायची. जपानी बोटीवर पांढरे क्रूस. युद्धात सगळी जहाजं दिवे विझवून जात असताना या दोघी उजळून जायच्या, कारण पाणबुडीनं चुकून टॉर्पेडो सोडला तर सगळाच करार बुडाला असता. मार्ग आणि वेळा दोन्ही बाजूंना आधी कळवलेल्या असत.

दोन्ही बोटी लांबीनं 170 मीटरच्या आसपास. मुरगावच्या धक्क्याला अशा दोन बोटी मागंपुढं लागू शकत होत्या. असा धक्का नसता तर होड्या वापरून म्हातारी माणसं, आजारी, तान्ही मुलं हलवायची म्हणजे गोंधळ, आणि मोजणीत घोळ झाला की संशय. धक्क्यावर मात्र माणूस आपल्या पायानं उतरतो, चालतो, दुसऱ्या शिडीनं चढतो, आणि दोन्हीकडचे कारकून त्याच्या नावावर खूण करतात. 19 ऑक्टोबरला दोन रांगा एकमेकींच्या उलट दिशेनं चालल्या. जागा मात्र आपापसांत बदलल्या: इकडचा बिछाना रिकामा झाल्याशिवाय तिकडच्याला मिळणार नाही. सामान आणि जपानी छावण्यांतल्या कैद्यांसाठी आलेली रेडक्रॉसची औषधं, पार्सलं हलवायला आणखी वेळ लागला. तेइया मारू 21 ला गेली, ग्रिप्सहोल्म 22 ला. पोर्ट एलिझाबेथ आणि रिओ करून ती 1 डिसेंबरला न्यूयॉर्कला पोचली.

मुरगावची आठवण निघते तेव्हा सुटून गेलेल्यांचीच निघते. उलट दिशेनं चालत गेलेल्या सुमारे 1,340 जपान्यांचं काय? त्यांत निम्म्याहून जास्त लॅटिन अमेरिकेतले, मुख्यतः पेरूमधले होते. अमेरिकेच्या सांगण्यावरून त्यांना घरादारातून उचलून अमेरिकेतल्या छावण्यांत आणलं होतं, आणि तिथून या यादीत घातलं. कित्येक मुलं अमेरिकेत किंवा पेरूत जन्मलेली, जपान कधी न पाहिलेली. मुरगावच्या धक्क्यावर ती मायदेशी जाणारी म्हणून मोजली गेली आणि सिंगापूर, मनिला करत बाँबवर्षावाच्या तोंडावरच्या जपानात पोचली. तिसरी अदलाबदल ठरवायचे प्रयत्न झाले, पण ती कधी झाली नाही. स्टॅन्लीतले ब्रिटिश नागरिक ऑगस्ट 1945 पर्यंत तिथंच राहिले. हाँगकाँगची वस्ती तोवर 16 लाखांवरून 6 लाखांच्या घरात उतरली होती.

गोव्याला या सगळ्याची झळ लागली ती पोटाला. इथला भात वर्षभर पुरत नसे, उरलेला तांदूळ बाहेरून यायचा आणि त्यात ब्रह्मदेशाचा वाटा मोठा होता. मार्च 1942 मध्ये रंगून पडलं आणि ती वाट बंद झाली. गव्हर्नर जनरल जुझे काब्राल यांचं सरकार मार्चच्या हल्ल्यावर फार आवाज का करत नव्हतं, याचं एक उत्तर कॅसलरॉकवरून येणाऱ्या वाघिणींमध्ये आहे. दुसरं उत्तर लिस्बनमध्ये: ऑगस्ट 1943 मध्ये सालाझारनं 1373 च्या जुन्या मैत्रीचा हवाला देऊन अझोर्स बेटांवर ब्रिटिशांना तळ दिला. जर्मनीला टंगस्टन विकणं मात्र त्यानंही थांबवलं नाही, ते जून 1944 पर्यंत चाललं.

तेइया मारू पुढं सैन्य वाहू लागली. 18 ऑगस्ट 1944 ला लुझोनजवळ अमेरिकन पाणबुडी रॅशरनं तिला बुडवलं, अडीच हजारांहून अधिक माणसं गेली. या वेळी तिच्यावर पांढरे क्रूस नव्हते. ग्रिप्सहोल्म 1954 मध्ये ब्रेमेनच्याच एका कंपनीनं घेतली, बर्लिन असं नाव दिलं आणि 1966 पर्यंत चालवून भंगारात काढली. मुरगावचा धक्का युद्धानंतर लोहखनिजाकडे वळला. 1950 च्या दशकात खाणींवर यंत्रं आली, 1959 मध्ये बंदरात खनिज भरण्याची यांत्रिक सोय झाली, आणि बोटी भरभरून माल ज्या देशाला जाऊ लागला त्यात सगळ्यात मोठं गिऱ्हाईक जपान होतं.